वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली का?

कोरोनाच्या काळात स्वच्छतेला नवे नवे वास लागले. आधी सॅनिटायझरचा, मग हायपोक्लोराइटचा आणि पाठोपाठ ओझोनचा. मार्च २०२० पासून बंद असलेली प्रार्थनास्थळे महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. आमच्या कोपरखैरण्यातल्या मशिदीतही घरून मुसल्ला नेऊन, अंतर ठेवून सफा लागू लागल्या. त्याच दिवसांत आमच्यातल्या एका तरुणाने मशिदीला ओझोनचे यंत्र द्यायचे ठरवले. त्याचे वडील जुलैत कोरोनाने गेले होते. दफनाला मोजून चार माणसे होती. वडिलांच्या नावाने काहीतरी सदका व्हावा, एवढीच त्याची इच्छा.

विकणाऱ्याने त्याला सांगितले होते, 'नमाज चालू असतानाही लावून ठेवा, हवा शुद्ध होत राहील.' माझा आक्षेप या एका वाक्याला होता.

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू टिकून राहत नाही, समोर येईल त्याच्याशी जोडला जातो. जंतूंचे आवरण असो की दुर्गंधीचे कण, दोन्हींना तो मोडतो. उरलेल्या ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन होतो, म्हणून मागे औषधाचा थर राहत नाही. गुण खरा आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध केले जाऊ लागले. आपल्याकडच्या पाण्याच्या बाटल्यांवरही 'ओझोनाइज्ड' लिहिलेले असते.

पण जो वायू जंतूचे आवरण मोडतो, तो फुप्फुसाच्या अस्तराला का सोडेल? खोकला, छातीत जळजळ, दमेकऱ्याला धाप, हे त्याचे परिणाम. म्हणून आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बाहेरच्या हवेतही ओझोनला मर्यादा घातली आहे : आठ तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. जंतू मारायला याच्या कितीतरी पट ओझोन लागतो. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्पष्ट सांगते की माणसाला चालेल इतक्या प्रमाणात ओझोन घरातली हवा नीट स्वच्छ करत नाही. थोडक्यात, माणसे आत असताना यंत्र लावले तर ते एक तर निरुपयोगी किंवा अपायकारक.

मशिदीत आणखी एक अडचण. ओझोन अत्तरातल्या, लिंबाच्या वासाच्या फरशी-क्लीनरमधल्या सुगंधी द्रव्यांशीही भिडतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे डोळे चुरचुरवणारे पदार्थ तयार होतात. गालिच्यांशीही त्याची अशीच प्रक्रिया होते. जुम्याला आपल्याकडे अत्तराची कमी नसते आणि गालिचा तर भिंतीपासून भिंतीपर्यंत.

कमिटीत एकजण म्हणाले, "अहो, हॉस्पिटलातही वापरतात हे."

मी म्हटले, "वापरत असतील, पण रिकाम्या खोलीत. आपल्या वाशीत मसाल्यांवर गॅमा किरण सोडून जंतू मारतात. म्हणून त्या खोलीत कोणी जेवायला बसतं का?"

"मग इशानंतर लावू, फजरला बंद करू."

"फजरला दार कोण उघडतं?"

सगळे गप्प झाले. दार आमचे मुअज्जिन चाचा उघडतात. वय सत्तरीच्या आसपास, खिशात कायम इनहेलर. रात्रभर कोंडलेल्या ओझोनचा पहिला श्वास त्यांनीच घेतला असता.

त्या तरुणाला नाही म्हणणे सर्वांत अवघड होते. तो एवढेच म्हणाला, "चाचा, यंत्रावर अब्बांचं नाव लिहायचं होतं." मी त्याला म्हटले, "बेटा, अब्बांना शेवटी हवाच पुरली नव्हती. इथे येणाऱ्याला मोकळी हवा मिळू दे." त्याच पैशांत भिंतीतले बंद पडलेले दोन एक्झॉस्ट पंखे बदलले, रंगाने चिकटलेल्या खिडक्या उघडून जाळ्या बसवल्या आणि गालिच्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर आला. नाव कुठेच लिहिले नाही. त्यानेच नको म्हटले.

कोरोना ओसरला, पण यंत्रे गेली नाहीत. गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये, फ्लॅटच्या साफसफाईत 'ओझोन ट्रीटमेंट' अजून विचारतात. करून घ्यायचीच असेल तर घरातली माणसे, पाळलेले पक्षी, कुंड्या सगळे बाहेर काढा. नंतर दारे-खिडक्या उघडून तो तिखट वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरही थोडे थांबा, कारण नाकाला वासाची सवय होते. पावसाळ्यानंतर बंद फ्लॅटला कुबट वास येत असेल तर आधी भिंतीतली गळती शोधा. ओल तशीच राहिली तर बुरशी परत येणारच. तेव्हा ओझोनवाल्याच्या आधी प्लंबरला फोन करा.