दोन मिनिटांची कैफियत

रोग्याची तपासणी वैद्याच्या खोलीत सुरू होते, हा समज पुरता खरा नाही. ती घरातच, बऱ्याच आधी सुरू झालेली असते. आणि रोगी जर सात वर्षांचे मूल असेल, तर घरातली माणसे हीच तिची साक्षीदार असतात. चेन्नईच्या गिंडी भागात, उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात ही तपासणी आठवडाभर चालू होती. मुलीचे वडील तिथल्या, १९५८ साली उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. सोमवारी मुलीला मुलांच्या मेंदुविकारांच्या तज्ज्ञाकडे न्यायचे ठरले होते.

घडले होते ते पहाटे. घशातली घरघर ऐकून आई जागी झाली, तेव्हा मुलीच्या तोंडाचा उजवा कोपरा ओढला जात होता, लाळ गळत होती, उजवा हात झटके देत होता. आजीने कांदा फोडून नाकाशी धरला. वडील दातांत चमचा घालायला निघाले. या दोन्ही उपायांचा उपयोग नसतो, आणि चमच्याने तर इजाच होते, हे नंतर कळले. मुलाला कुशीवर वळवावे, वेळ पाहावी आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा, एवढेच करायचे असते. आईला तो काळ तासाएवढा वाटला. भिंतीवरच्या घड्याळाने दोनच मिनिटे मोजली होती.

या विकारात तज्ज्ञाची अडचण अशी, की तो पाहतो तेव्हा मूल बहुधा हसतखेळत असते. मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा आलेखही मधल्या काळात निर्दोष येऊ शकतो. म्हणून निदानाची भिस्त पाहणाऱ्याच्या वृत्तान्तावर असते. आईने शंभर पानी वही काढली. वडील तिचे टिपण इंग्रजीत करू लागले. ‘आकडी’ला प्रतिशब्द मिळाला, ‘दातखिळी’ला मिळेना. तेव्हा रोगाची नावे बाजूला ठेवून डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे ठरले. याच तमिळ भूमीत तंजावरच्या सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करवून ठेवल्या होत्या. राजाला सुचलेली ती शिस्त आता स्वयंपाकघरातल्या ओट्याशी पाळली जात होती.

आजीला मात्र ही वही मान्य नव्हती. “चक्कर आली म्हणून लिही,” ती सुनेला बजावी. “पोरीची जात आहे. उद्या तिचे लग्न व्हायचे आहे.” तिचे भय निराधार म्हणता येत नव्हते. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके ही लग्नाच्या आड येणारी बाब मानलेली होती. ती अट १९९९ साली गळली. कायद्यातून एक शब्द काढता येतो. माणसांच्या मनातून तो निघायला पिढ्या जातात. पण चक्कर म्हणून सांगितलेल्या आजाराला औषधही चकरेचेच मिळणार, हे सून जाणून होती. तिने उलट उत्तर दिले नाही आणि लिहिलेले खोडलेही नाही.

रविवारी मुलीला गिंडीच्या बालोद्यानात नेले. शेजारचे राष्ट्रीय उद्यान सुमारे २.७ चौरस किलोमीटरांचे, भर शहरात काळवीट आणि चितळ सांभाळून असलेले. चितळांच्या कुंपणाशी मुलीने विचारले, “सोमवारी सुई टोचतील?”

“आलेख काढताना नाही,” आई म्हणाली. “डोक्याला तारा चिकटवतात, त्या टोचत नाहीत. रक्त तपासायचे म्हणाले तर टोचतील. तसे असले तर मी तुला आधी सांगेन.”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना सांग, तू हाक मारत होतीस ती मला ऐकू येत होती. मला फक्त बोलता येत नव्हते.”

आठवडाभर मोठ्या माणसांनी जमवलेल्या पुराव्यात ही ओळ नव्हती. मूल बेशुद्ध होते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. खुद्द मुलीला कोणी विचारलेच नव्हते. घरी येताच आईने ती तिच्याच शब्दांत लिहून घेतली.

संध्याकाळी मुलीला न्हाऊ घातले. आलेखासाठी केसांना तेल नको, असे दवाखान्यातून बजावले होते. सवयीने आजीने बाटली उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत फळीवर ठेवली. कोरडे केस विंचरता विंचरता, कोणाकडेही न पाहता, ती म्हणाली, “दिवाळीत गावी माझ्याजवळ निजली होती, तेव्हाही झाले होते. तोंड असेच वाकडे झाले होते. मी बोलले नाही. तेही लिही.”

सुनेने मान वर केली नाही. तिने वहीचे पहिले पान काढले, वर कोरी राहिलेली जागा बोटाने चाचपली आणि हलकेच विचारले, “किती वाजले होते, आई?”