न तुटणं वेगळं, न वाकणं वेगळं



मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जुनी मोटारसायकल त्याने स्वतः नव्याने बांधली होती. टाकी खाली बसावी म्हणून हँडलजवळचे तिरके आधार कापलेले. दिसायला एकदम झकास! पण म्हणाला, "सर, साठच्या पुढे वळणावर गाडी वळवळते. तरी काळजी नाही, नळ्या जाड आहेत, तुटायच्या नाहीत."

इथेच गफलत आहे बघा. मजबुती म्हणजे न तुटणं. ताठपणा म्हणजे न वाकणं, न पिळवटणं. हँडलची मान आणि मागच्या चाकाचा सांधा यांच्यामधली चौकट पिळली, की न तुटताही गाडी रेषेत राहत नाही. महागडं क्रोमोली पोलाद आणलं तरी ते तुटतं उशिरा, पण वाकतं जवळपास साध्या पोलादाइतकंच. ताठपणा येतो तो आकारातून. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन साधारण दुप्पट होतं, पण वाकण्याला विरोध सुमारे आठपट! आणि दुसरा उपाय म्हणजे त्रिकोण.

१९५० साली नॉर्टन कंपनीच्या रेसच्या गाड्यांना रेक्स मॅककँडलेस यांनी दुहेरी नळ्यांची नवी चौकट दिली. त्याच वर्षी जेफ ड्यूक त्या गाडीवर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकले. ही चौकट पुढे 'फेदरबेड' म्हणून गाजली.

मी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेतली. अरविंद गुप्तांचा हा खेळ आपल्याला माहीत आहेच. चौकोन केला, बोट लावताच कलला. त्रिकोण केला, जागचा हलेना. पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी त्रिकोणच कापला, सर."

गाडी त्या दिवशी माझ्याच अंगणात राहिली. तो बसने घरी गेला. पुढे जाणकार कारागिराकडून त्याने आधार परत बसवून घेतले.

खरं सांगू? मला त्याच्यापेक्षा माझाच राग आला. भूमितीत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते, पण त्रिकोण कधी हातात दिला नव्हता. आता दरवर्षी पहिल्या तासाला काड्या वाटतो.

तुम्हीही वाटून बघा. आणि पालकहो, मुलगा गाडी कापायला निघाला तर नुसतं रागावू नका. आधी त्याच्यासोबत एक चौकोन करून बघा.