गाडीखाली वाकलं की भाव कळतो

घासाघीस इतकी देखणी गोष्ट असते, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? जुनी गाडी बघायला निघालो तेव्हा घरून दोनच सूचना होत्या: आकडा आपण आधी बोलायचा नाही, आणि गाडी आवडली तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. पण आमच्या मिस्त्रींना सोबत घेऊन कोल्हापुरात गाड्या बघत फिरलो आणि एक अख्खं शास्त्रच समोर उलगडलं! त्याचा गाभा मिस्त्रींनी पहिल्याच गाडीपाशी सांगून टाकला. "नुसतं कमी करा म्हणायचं नाही साहेब. कशाचे कमी करा, ते म्हणायचं."

मिस्त्री गाडीपाशी गेले की आधी बॉनेटवर तळवा ठेवतात. गरम लागलं की मालकाला विचारतात, "आत्ताच कुठं जाऊन आलाय काय?" इंजिनाचा खरा स्वभाव थंड असताना कळतो. आधीच फिरवून गरम करून ठेवलं, की सुरू होतानाची खरखर आणि ऑइल जळल्याचा निळसर धूर बऱ्याचदा झाकून जातो. म्हणून फोनवरच सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. मग टायर. टायरच्या कडेला छोट्या लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. टायरला जन्मतारीख असते! तेव्हापासून मी रस्त्याकडेला उभ्या गाड्यांचे टायर वाचत चालतो, बायको पुढे निघून जाते.

आणि हे तर नुसतं दार उघडलं. सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आणि एकीवर वेगळी, म्हणजे ती काच कधीतरी फुटलेली आहे. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, म्हणजे बॉनेट खोललेलं आहे, का ते विचारायचं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर तीस हजार दाखवतोय? मिस्त्री रबरावर विश्वास ठेवतात. गाडी स्वतःची सगळी कुंडली अंगावर घेऊन उभी असते, फक्त वाकून बघायला हवं.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाला २००१ साली नोबेल मिळालं, त्यामागचा त्यांचा गाजलेला निबंध चक्क जुन्या गाड्यांच्या बाजारावर आहे! १९७० साली छापून आलेला. मांडणी अशी: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना भीतभीत मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खराब गाड्या उरतात. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेलेले, आणि त्या निबंधात आपल्याकडच्या बाजारातले तांदळात मिसळलेले खडेही आहेत, ते निवडत बसणारी घरची बाईही आहे. वाचताना मला आमच्या मिस्त्रींचा बॉनेटवरचा तळवा दिसत होता. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरणारा माणूस नोबेलवाल्यांनी मांडलेली ती दरीच बुजवत असतो. ती बुजली की चांगल्या गाडीला चांगला भाव द्यायला हात आखडत नाही. म्हणून मला वाटतं, नीट केलेली घासाघीस प्रामाणिक मालकाच्याही भल्याचीच असते.

तर आमचा सौदा. निवृत्त सरांची छोटी पेट्रोल गाडी, २०१६ ची, सिंगल ओनर. सरांची अपेक्षा तीन लाख पंचवीस हजार. मी आकड्याला हातच लावला नाही, विचारलं, "सर, विकताय कशासाठी?" सर म्हणाले, "दसऱ्याला नवीन येतेय, दारात एकच गाडी मावते." आणि तेव्हा पितृपक्ष चालू होता! आपल्याकडे या पंधरवड्यात गाडी घ्यायला पुष्कळ जण धजत नाहीत. म्हणजे सरांना जागा तर रिकामी करायचीय आणि दारात गिऱ्हाईक मोजकं. एका साध्या प्रश्नाने हे सगळं समजलं.

सर म्हणाले, "विमा अजून आठ महिने आहे, तो तुम्हाला फुकटच मिळतोय की." याचं उत्तर मला आधीच सापडलं होतं. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो! पाच वर्षं क्लेम नसेल तर ही सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, आणि पॉलिसी नावावर करून घेताना तेवढा फरक नव्या मालकाला भरावा लागतो. उलट सर कंपनीकडून तसं पत्र घेऊन तो बोनस आपल्या नव्या गाडीला वापरू शकतात. हे मी सांगितलं तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांना ते माहीतच नव्हतं. माझे पैसे कमी व्हावेत म्हणून काढलेली गोष्ट त्यांच्याही कामाला आली.

मग वहीचं पान पुढे ठेवलं. त्याच सालच्या, तेवढ्याच चाललेल्या गाड्या तीन लाख दहाच्या आसपास जात होत्या. त्यातून दोन टायर, क्लच, मागचा बंपर आणि विम्यातला फरक, मिस्त्रींच्या हिशेबाने साडेतेवीस हजार. "दोन लाख साडेशहाऐंशी हजार, सर." पुढे गप्प. असा खडबडीत आकडा बोलला की समोरच्याला कळतं, याने बेरीज-वजाबाकी करून आणलीय. गोल आकडा तोंडातून सुटतो, खडबडीत आकडा वहीतून येतो.

सर थोडे खाली सरकले, मी थोडा वर सरकलो, आणि गाडं दोन लाख अठ्ठ्याण्णववर अडलं. तिथे जी गोष्ट चालली ती पैशाची नव्हतीच. गाडी विकूनही आरसीवर जुन्याच मालकाचं नाव राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाई त्या नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. सरांना हीच धास्ती. "घेणारे घेऊन जातात आणि वर्षभर नावावर करत नाहीत," म्हणाले. मी म्हटलं, "फॉर्म २९ आणि ३० वर आजच सह्या करू. सगळी रक्कम आजच बँकेतून, आणि उद्या आरटीओचं काम सुरू. अर्जाची पावती तुमच्या मोबाईलवर." सर दोन लाख ब्याण्णववर आले, आणि आतून चहा आला. त्यांच्या निर्धास्तपणाची किंमत सहा हजार होती आणि मला तो द्यायला काहीच पडलं नाही! देण्यासारखं आपल्याकडे रोख सोडून काय काय असतं, हे शोधणं म्हणजे या सगळ्या खेळातला मला सर्वांत आवडलेला भाग.

हेच उलट्या बाजूने घरची स्कूटर विकताना केलं. सर्व्हिसिंगची बिलं तारखेवार लावली, आणि घेणारा पोरगा गाडीला हात लावायच्या आत सांगितलं, "पुढचा शॉकअप गळतोय, दुरुस्तीचा खर्च एवढा, तो मी धरूनच भाव सांगितलाय." तो खाली वाकला, शॉकअप बघितला, बिलं चाळली, आणि जवळपास सांगितलेल्या भावातच स्कूटर घेऊन गेला.

आता मेव्हण्यांना जुना ट्रॅक्टर घ्यायचाय आणि मी आपणहून सोबत निघालोय. ट्रॅक्टरचं चालणं किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात, त्याला अवर मीटर असतो! शिवाय हायड्रॉलिक वजन उचलून किती वेळ धरतं ते बघायचं, पीटीओ, म्हणजे अवजारांना जोर देणारा मागचा दांडा, फिरवून आवाज ऐकायचा, आणि मागचे टायर उसाच्या ट्रॉलीने झिजलेत की नांगरटीने, हे मिस्त्री नुसतं बघून सांगतात म्हणे. रविवारी सकाळी निघतोय. मेव्हण्यांना सांगून ठेवलंय, मालकाला फोन करा, आम्ही पोचेपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका म्हणावं.