खोडदच्या माळावर

चिखलदऱ्याच्या कड्यावरून रात्रीं खालच्या मैदानाकडे पाहण्याचा योग वऱ्हाडांतील पुष्कळ कुटुंबांस आलेला असेल. घर दिसत नाहीं, शेत दिसत नाहीं. दिसतात ते केवळ दिवे. तरी दिवे दाट तेथें परतवाडा-अचलपूर, विरळ तेथें खेडीं, असा अंदाज आपण सहज बांधतों.

असाच अंदाज अखिल विश्वाविषयीं बांधण्यास मदत करणारें एक स्थळ आपल्याच महाराष्ट्रांत आहे, असें ऐकून आम्ही २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाचा मुहूर्त साधला व बडनेऱ्यास पुण्याची गाडी धरली. आत्याबाई बरोबर होत्या. त्यांचा प्रश्न घरींच तयार होता : "जें डोळ्यांस दिसत नाहीं तें आहे, असें हे लोक कशावरून म्हणतात?"

पुण्याहून नाशिकच्या वाटेनें सुमारें ८० किलोमीटरांवर नारायणगांव लागतें. तेथून आंत वळलें कीं थोड्याच वेळांत खोडदच्या माळावर तारेच्या जाळीच्या प्रचंड परड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. अशा एकंदर ३० दुर्बिणी. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागीं जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांस सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत विखुरलेल्या. पण सर्व मिळून डोळा एकच. ही कै. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची कल्पना. जाळीमुळें वाऱ्याचा जोर कमी लागतो व खर्चही वांचतो. येथें येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण कीं मोबाईलची कुजबूजही त्यांस आरोळीसारखी बाधते.

कित्येक दीर्घिकांच्या गर्भांत प्रचंड कृष्णविवर असतें. त्याच्या सान्निध्यांतून दोहों बाजूंस द्रव्याचे झोत सुटतात व ते रेडिओलहरींनीं उजळतात. अब्जावधि प्रकाशवर्षांवरूनही अशा दीर्घिका ओळखूं येतात. २०१० ते २०१२ या काळांत येथून आकाशाचा सुमारें ९० टक्के भाग न्याहाळण्यांत आला, आणि त्यावरून ६ लक्षांहून अधिक रेडिओ-उगमांची यादी २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली.

आतां या दिव्यांवरून अंधार कसा मोजावयाचा? अंगणांत मूठभर ज्वारी उधळली तर दाण्याशेजारीं दाणा योगायोगानेंही पडतो. त्याहून किती अधिक वेळां दीर्घिकेशेजारीं दीर्घिका सांपडते, हें मोजावयाचें. कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारें पांचपट. तें प्रकाश देत नाहीं, अडवीतही नाहीं; पण पाण्याच्या आश्रयानें गांवें वसावीं तशा दीर्घिका त्याच्याच गुरुत्वाकर्षणाच्या आधारानें वसतात. मात्र रेडिओ-दीर्घिका बहुधा बड्या वस्तीच्या रहिवासी. म्हणून त्यांची दाटी मूळ दाटीहून फुगलेली दिसते, व तेवढी वजावट हिशेबांत धरावी लागते.

आणि दिवे कधीं फसवितातही. याच यादींत आकाशाच्या फार विस्तृत पट्ट्यांवर अपेक्षेहून कितीतरी अधिक दाटी आढळली. विश्वाचें गणित बदलावें, कीं यादी तपासावी? अमेरिकेंतील दुर्बिणीच्या यादीशीं ताडून पाहतां तेथें तेवढी दाटी दिसेना. तेव्हां निरनिराळ्या भागांतील तेज मोजण्यांत राहिलेली तफावत हेंच तिचें कारण असावें, असें संशोधकांनीं सांगितलें.

परतीच्या गाडींत आम्ही हें आत्याबाईंस समजावीत होतों. त्या म्हणाल्या, "म्हणजे कंदिलाची वात आपणच मोठी केली, आणि गांव मोठें म्हणालों!" मग जरा थांबून, "पण चूक स्वतःच शोधून काढतात, तर त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाहीं."

मूर्तिजापूर मागें पडलें होतें. खिडकीबाहेरच्या अंधारांत दूरवर चार दिवे एकत्र दिसले, आणि तें कोणतें गांव असावें याचा तर्क त्या बडनेरा येईपर्यंत करीत बसल्या.