जिल्हा निवडा

आमच्या घरात 'ऑनलाइनचं काम' माझ्याकडे आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, कॉम्प्युटरमधलं मला विशेष काही कळत नाही. पण चिडत चिडत का होईना, फॉर्म शेवटपर्यंत भरणारी घरात मीच. वीजबिल, गॅस, रेल्वेचं तिकीट, शेजारच्या काकूंच्या मुलाची ॲडमिशन, सगळं माझ्या फोनवर येतं. मी नागपूरला होस्टेलवर असले तरी पांढुर्ण्याहून बाबांचा फोन येतो, "बेटा, ओटीपी आला काय?" जेवलीस का, हे त्यानंतर.

यातले बारके त्रास तुम्हालाही पाठ असतील. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, आणि असा पासवर्ड बनवला की तो आपल्यालाच आठवत नाही. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची. सगळं भरत आणलं की सेशन संपतं. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला नऊ चौकोनांतून फायर हायड्रंट शोधायचा. मी पांढुर्ण्यात लहानाची मोठी झाले; रस्त्याच्या कडेला असा बुटका लाल नळ एकदाही पाहिला नाही. तरी आता तो मला झोपेतही ओळखता येतो.

माझ्या नावाचं वेगळंच दुखणं आहे. संत ॲग्नेसवरून ते ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर हिंदीत 'एग्नेस' झालं, कारण तिकडे तसंच लिहितात. मराठीतला हा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणजे माझ्या नावाचं पहिलं अक्षर माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. काही वेबसाइटवर अजून त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. चौकोनग्नेस. होस्टेलवर काही दिवस मला याच नावाने हाक मारत होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. जिल्ह्याचं तसं झालं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर वेगळे निघाले, मध्य प्रदेशात ५५ जिल्हे झाले. गावात फटाके फुटले. बाबा म्हणाले, आता कलेक्टर हाकेच्या अंतरावर. मलाही बरं वाटलं, कारण नेटवर पांढुर्णा शोधलं की फक्त गोटमार दिसते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, त्याचे फोटो. उरलेले ३६४ दिवस आम्ही काय करतो, हे नेटला ठाऊक नाही. आता निदान जिल्हा म्हणून तरी नाव येईल, असं वाटलं.

जून २०२४ मध्ये आजोबा गेले. ते रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या मागे आजीला फॅमिली पेन्शन मिळायची होती. कागदपत्रं जमवली. एका वेबसाइटवर आजीची माहिती भरायची होती. 'राज्य निवडा', निवडलं. 'जिल्हा निवडा', यादी उघडली. पन्ना, मग रायसेन. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. पांढुर्णा नव्हतं. पिनकोड टाकला तर 'छिंदवाडा' आपोआप आलं आणि ते खोडताही येईना. शेजारी लाल चांदणी, म्हणजे रकाना रिकामा सोडायचा नाही.

आजी बाजूला बसली होती. तिने विचारलं, "का व, आपलं गाव नाही का त्याच्यात?"

"गाव आहे आजी, जिल्हा नाही."

"जिल्हा तं झाला न. पेढे वाटले होते."

मी छिंदवाडा ठेवलं आणि पुढे गेले. मला वाटलं, इतकं कोण बघतं? पण आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'जिला पांढुर्णा' होतं. महिन्याभराने अर्ज परत आला: पत्ता आणि दस्तऐवज जुळत नाहीत. तो निरोप आला होता ईमेलवर, आणि तो ईमेल आजीच्या नावाने मीच उघडला होता. माझी परीक्षा होती, तीन आठवडे तिकडे पाहिलंच नाही. या तीन आठवड्यांचा दोष मी कुठल्याही वेबसाइटला देऊ शकत नाही.

दुसऱ्यांदा पत्त्याच्या ओळीत 'पांढुर्णा' आणि जिल्ह्यात 'छिंदवाडा' असं दोन्ही घातलं, सोबत एक चिठ्ठी जोडली. चिठ्ठी आधी मराठीत लिहिली. तिथे भाषा राज्यावरून ठरत होती. मध्य प्रदेश म्हटलं की हिंदी नाहीतर इंग्रजी. फोनही शहाणा, 'दुसऱ्यांदा'चं 'दुसर्यांदा' करतो, 'ळ' दिसला की 'ल' सुचवतो. शेवटी इंग्रजीत लिहिली. आपण ज्या बाईसाठी लिहितोय तिला एक अक्षर कळणार नाही, हे माहीत असूनही.

त्या दिवसांत मी आजीच्या वयाचा हिशोब मांडला होता. ती १९४४ ची, माहेर सौसरचं. जन्मली तेव्हा तिचं घर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. १९५० मध्ये त्या प्रांताचा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी झाली भोपाळ. ती तेव्हा बारा वर्षांची, मराठी शाळेत शिकत होती. सौसर आणि पांढुर्णा सोडून आजी कुठे राहायला गेली नाही, पण तिच्या पत्त्यातल्या खालच्या दोन ओळी सतत बदलत राहिल्या. मी हे तिला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मले काय माहीत, बाजार तं नागपूरचाच होता." आणि संत्री सोलायला लागली.

पेन्शन फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. मागची थकबाकीही आली. ती आली त्या दिवशी आजी बाबांना घेऊन सराफाकडे गेली आणि पोत सोडवून आणली. तोपर्यंत पोत गहाण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्या सात-आठ महिन्यांत व्हिडिओ कॉलवर आजी पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन बसायची, आणि मी विचारायचे, आजी तुला थंडी वाजते का? जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा.

माझी होस्टेलची फी ऑगस्टमध्ये वेळेवर भरली गेली होती. त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही, मीही विचारलेलं नाही.

पेन्शन घेणाऱ्याने दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन समोर उभं राहायचं. २०१४ पासून अंगठ्यावर होतं, २०२१ पासून फोनपुढे चेहरा धरूनही. ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते, पण मी घरी आले ते १ नोव्हेंबरला, शनिवारी. दुसऱ्या दिवशी रविवार, सर्व मृतांचा दिवस. आजोबांची कबर साफ करायची, मेणबत्त्या लावायच्या. म्हणजे एका दिवशी आजी जिवंत असल्याचं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना भेटायला जायचं.

आधी अंगठा. आयुष्यभर भांडी घासून आणि बागेत संत्री तोडून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात. मशीन चार वेळा नाही म्हणालं. मग चेहरा. अंगणात उजेडात खुर्ची ठेवली. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ती इतक्या निष्ठेने फोनकडे बघत होती की डोळे मिटेचनात. मी म्हटलं, "आजी, डोळे मीट आणि उघड." तिने मिटले ते मिटलेच. ओठ हलत होते. प्रार्थनाच सुरू झाली होती.

तिसऱ्या वेळी जमलं. हिरवी खूण आली.

"झालं?" आजीने विचारलं. "म्हंजे आता वर्षभर मी जित्ती आहो?"

"हो."

"आन् जिल्हा कोणता टाकला?"

मी फोन पाहिला. यावेळी जिल्हा विचारलाच नव्हता. खाली पाच रिकाम्या चांदण्या आल्या होत्या, आपला अनुभव कसा होता. मी बंद करणार होते, पण आजीने फोन हातातून घेतला, लांब धरला, आणि बोटाने एकेक करून पाचही चांदण्या पिवळ्या केल्या.