दहातला एक

लखनऊ छावनीत येऊन आठ महिने झाले. याआधीच्या पोस्टिंगांवरून लिहिलं तेव्हा बर्फ, वाळू आणि डास एवढेच विषय होते. त्यामुळे या वेळी इमामबाडा, कबाब, चिकनचे कुर्ते असं काहीतरी वाचायला मिळेल अशी तुमची अपेक्षा असणार. ते येईल पुढे. आज चंगेज खान.

याला कारण आमच्या कंपनीतला एक पोरगा. मिरजेकडचा, बावीस वर्षांचा, अंगापिंडानं मजबूत. त्याच्या मोबाइलच्या डीपीवर चंगेज खान आहे. काळा घोडा, मागे धूर आणि खाली इंग्रजीत काहीतरी डरकाळी. जूनमधली रात्र होती, रोलकॉल झालेला, लाइट गेलेली. सगळी बराक व्हरांड्यात चारपाया टाकून वारा घेत बसलेली. पोरगा म्हणाला, "साहेब, हा मुसलमान होता ना? खान म्हणजे..."

म्हटलं, खान ही पदवी रे, आडनाव नव्हे. मूळ नाव तेमुजिन. आकाशाला देव मानणारी माणसं ती. उलट मुसलमानांची शहरंच त्यानं जास्त जाळली. बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर. बगदाद राहिलं होतं, ते त्याच्या नातवानं, हुलागूनं, 1258 मध्ये पुरं केलं.

पोरगा जरा हिरमुसला. पण मग म्हणाला, "तरी फौज कसली होती साहेब त्याची!"

इथे माझीच पंचाईत झाली. कारण फौज खरंच जबरदस्त होती, आणि वीस वर्षं हीच रोटी खाल्लेल्या माणसाला ते नाकारता येत नाही.

तेमुजिन जन्मला साधारण 1162 च्या सुमारास. नऊएक वर्षांचा असताना बापाला तातारांनी विष घातलं. बाप गेल्यावर भावकीनं आई आणि पोरांना उघड्या माळावर टाकून आपले तंबू हलवले. भावकी म्हणजे काय हे आपल्याकडे बांधावरून कोर्टात फिरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. या पोरानं ते जन्मभर लक्षात ठेवलं. 1206 मध्ये ओनोन नदीकाठी सगळ्या टोळ्यांनी त्याला चंगेज खान ही पदवी दिली. त्यानंतर त्यानं जी फौज बांधली, तिचा मला कळलेला अर्थ असा, की त्यानं भावकीच मोडली. दहा माणसांची एक तुकडी. अशा दहांचे शंभर, शंभरांचे हजार, हजारांचे दहा हजार. शत्रूच्या टोळ्या फोडून वेगवेगळ्या तुकड्यांत वाटून टाकल्या. एकदा ज्या दहात पडलास ते तुझं घर, तिथून दुसरीकडे जायला परवानगी नाही. आपलं पायदळाचं सेक्शनही दहाचंच असतं. पहिल्या दिवशी अनोळखी, आणि वर्षभरात सख्ख्या भावापेक्षा जवळचे. हे ज्यानं अनुभवलंय त्याला त्या माणसाचं डोकं ओळखता येतं.

बढतीही कुळावर नव्हती. एका लढाईत एका बाणानं त्याचा घोडा पाडला. नंतर पकडलेल्यांत तो तिरंदाज स्वतः पुढे आला आणि म्हणाला, बाण माझा. खानानं त्याला मारलं नाही, फौजेत घेतलं आणि नाव ठेवलं जेबे, म्हणजे बाण. तो पुढे मोठा सेनापती झाला. सुबुताई हा दुसरा. खान वारल्यानंतर चौदा वर्षांनी, एप्रिल 1241 मध्ये, मंगोलांनी 9 तारखेला पोलंडमध्ये आणि 11 तारखेला हंगेरीत अशा दोन मोठ्या लढाया जिंकल्या. मधे शेकडो किलोमीटर अंतर. वायरलेस नाही, नकाशा नाही. त्या मोहिमेमागचं डोकं सुबुताईचं. आमच्याकडे दोन कंपन्या वेळेवर एका ठिकाणी पोचल्या तर सीओ साहेब खूश होतात.

हे सगळं मी पोरांना रंगवून सांगितलं. माझाही गळा तापला होता. मग मर्व आठवलं आणि थांबलो.

1218 मध्ये खानाचा व्यापारी तांडा ख्वारझमच्या ओत्रार गावी तिथल्या सुभेदारानं कापून काढला. जाब विचारायला पाठवलेला वकीलही ख्वारझमशाहानं मारला. इथवर खानाची बाजू समजते. पण 1221 मध्ये मर्व शहर शरण आल्यावर लोकांना मैदानात आणलं, कारागीर बाजूला काढले आणि उरलेले सैनिकांत वाटले. जुवैनी नावाचा इराणी इतिहासकार, जो स्वतः मंगोलांच्या नोकरीत होता, लिहितो की प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला तीन-चारशे माणसं आली. आकडा फुगवलेला असेल. शंभरानं भागा हवं तर. तरी तीन-चार उरतात. हात बांधलेले, समोर बसलेले.

डीपीवर घोडा दिसतो, हे दिसत नाही.

मंगोल लांबचे वाटत असतील तर लखनऊतच कैसरबागेत उभं राहावं. मार्च 1858 मध्ये शहर परत घेतल्यावर कंपनी सरकारच्या शिस्तबद्ध पलटणींनी तिथे जी लूट केली, तिचं वर्णन त्यांच्याच रसेल नावाच्या बातमीदारानं करून ठेवलंय. शिस्त लुटीच्या आड येते असं मला तरुणपणी वाटायचं.

त्याच 1221 साली खान आपल्या दारात आला होता. ख्वारझमशाहाचा मुलगा जलालुद्दीन यानं काबूलच्या उत्तरेला परवानजवळ मंगोलांची एक फौज साफ हरवली. ही गोष्ट तोवर फारशी कुणाला जमली नव्हती. आणि जिंकलेल्या रात्री काय झालं? लुटीतल्या एका घोड्यावरून दोन सरदार भांडले आणि अर्धी फौज निघून गेली. एका घोड्यावरून! नोव्हेंबरात खानानं त्याला सिंधूच्या काठावर गाठलं. जलालुद्दीननं घोड्यासकट नदीत उडी घेतली आणि तो पार झाला. खानानं बाण थांबवायला सांगितले आणि मुलांना दाखवलं, असा पोरगा हवा. जलालुद्दीननं दिल्लीत आसरा मागितला. इल्तुतमिशनं कळवलं की इथली हवा तुम्हाला मानवणार नाही. सरकारी भाषेतला इतका सभ्य नकार मी अजून पाहिला नाही. खान स्वतः सिंधूवरून परत फिरला आणि 1227 मध्ये मेला.

त्याचे वंशज मात्र येत राहिले. त्यांना दिल्लीपाशी अडवलं ते अलाउद्दीन खिलजीनं. हे सांगितल्यावर व्हरांडा गप्प झाला. कारण आपल्या पोरांना अलाउद्दीन ठाऊक आहे तो देवगिरीचा लुटारू म्हणून, आणि तो होताच. तो निघाला ते इथूनच, गंगाकाठच्या कडा गावातून. आजच्या कौशांबी जिल्ह्यात येतं ते. चुलत्याला, म्हणजे सुलतानाला, थाप मारली की चंदेरीवर जातो, आणि एलिचपूरमार्गे 1296 मध्ये देवगिरीवर आला. माउलींनी आळंदीला समाधी घेतली तेच साल. रामदेवरायाची फौज मुलाबरोबर बाहेर होती. राजा किल्ल्यात शिरला, आणि फरिश्ता सांगतो की धान्याची म्हणून वर नेलेली पोती फोडली तर आत मीठ. पोती उघडून न पाहणारा तो कोण क्वार्टरमास्टर असेल, त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

ते सोनं उधळत अलाउद्दीन दिल्लीच्या तख्तावर बसला. चुलत्याला आधीच मारलं होतं. 1303 मध्ये मंगोल तरघीनं दिल्लीलाच वेढा घातला. सुलतान नुकता चित्तोडहून आलेला, फौज विखुरलेली. सिरीला खंदक खणून दोनेक महिने कसाबसा टिकला. मग त्यानं मोठी खडी फौज उभारली. सैनिकाला वर्षाला 234 टंके रोख, घोड्याला डाग, माणसाची हुलिया, म्हणजे आपलं शीटरोल. बरनी लिहितो की साठलेला खजिना मोठा पगार देत बसला असता तर पाच-सहा वर्षांत संपला असता. म्हणून पगार बेताचा ठेवला आणि बाजारात धान्याचे भाव बांधून दिले, म्हणजे तेवढ्यात सैनिकाचं घर चालावं. कॅन्टीनची मूळ कल्पना म्हणा. डिसेंबर 1305 मध्ये अमरोह्याला मंगोल अलीबेग आणि तरताक पुरते हरले. लखनऊहून बरेली-मुरादाबादमार्गे दिल्लीला जाणाऱ्या गाड्या त्या अमरोह्यावरूनच जातात. हरलेल्यांचं काय झालं ते विचारू नका. अलाउद्दीनही मर्वच्याच शाळेतला.

आमच्या घरातून नेलेल्या पैशाचाही त्यात वाटा होता. अभिमान वाटावा की संताप, हे मी सुट्टीवर येताना विदिशा गेलं की दर वेळी ठरवायला घेतो. याच भिलशाच्या स्वारीत अलाउद्दीनला देवगिरीच्या संपत्तीची खबर लागली होती. भुसावळ येतं तरी ठरलेलं नसतं.

हे सगळं ऐकून मिरजेचा पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, मर्वला त्या दहातल्या एखाद्यानं हात उचलला नसता तर?"

मी त्याला कार्पिनीचं सांगितलं. पोपचा वकील म्हणून 1245 मध्ये मंगोलांकडे निघालेला पाद्री. त्यानं लिहून ठेवलंय की लढाईत दहातला एक पळाला तर दहाही मारायचे, असा त्यांचा नियम होता.

"पळण्याचं नाही विचारत साहेब," तो म्हणाला. "उभं राहून नाही म्हटलं तर?"

व्हरांड्यात दहा चारपाया होत्या. कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. तेवढ्यात लाइट आली, पंखे सुरू झाले आणि सगळे आत पळाले. पाच वाजता पीटी होती.