बाभळीची दारं कधी बंद होतात?

गोदावरी महाराष्ट्राचा निरोप कोठे घेते? धर्माबादच्या एखाद्या शाळेत हा प्रश्न टाकला तर मागच्या बाकावरूनही उत्तर येईल, की आपल्याच तालुक्यात. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली नदी धर्माबाद ओलांडून कंदकुर्तीजवळ तेलंगणात शिरते, तिथंच मांजरा तिला मिळते. उत्तर तयार, गुण तयार. तेवढ्यात भूगोलाचा एखादा चिकित्सक मास्तर उठून विचारतो, मग सिरोंच्याचं काय? तो बरोबर असतो. तेलंगणातून फिरून आलेली गोदावरी गडचिरोली जिल्ह्यात पुन्हा महाराष्ट्राची शीव धरून वाहते, प्राणहितेला पोटात घेते आणि मगच कायमची निघून जाते. ‘गोदावरी महाराष्ट्रातून तेलंगणात प्रथम कोठे शिरते’ असं लिहिलं असतं तर वाद झालाच नसता. ‘प्रथम’ एवढाच काय तो फरक!

प्रश्नमंजुषेचे प्रश्न दोन प्रकारे जमवता येतात. बाजारातलं सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडावं आणि पेरूची राजधानी, भुतानचं चलन, जगातला सर्वांत उंच धबधबा अशी खोगीरभरती करावी. किंवा कागद-पेन घेऊन स्वतः लिहायला बसावं. दुसऱ्या वाटेनं गेलेल्याच्या लवकरच लक्षात येतं, की उत्तर शोधणं सोपं आहे. एकच उत्तर निघेल असा प्रश्न बांधणं कठीण.

मराठवाड्यात तर ते जास्तच कठीण. इथं जिल्ह्यांची संख्याही सालाच्या आधाराशिवाय विचारता येत नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे मूळचे पाच. 1981 मध्ये जालना आलं, 1982 च्या 16 ऑगस्टला लातूर, 1999 मध्ये हिंगोली. आजोबा, बाप आणि नातू एकाच संघात बसले तर तिघांची तीन उत्तरं, आणि तिघांचीही शाळेत शिकलेली! त्यात आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. जुना प्रश्नसंच कपाटातून काढून जसाच्या तसा वाचणाऱ्याची फजिती ठरलेली. ‘धर्माबाद कोणत्या राज्यात आहे’ हा पहिलीतला प्रश्न वाटतो. पण त्याला ‘होते’ जोडून साल घातलं, की 1948 मध्ये हैदराबाद, 1957 मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. गाव जागचं हललेलं नाही.

पुस्तकात न मिळणारे प्रश्न गावात मात्र पडलेले असतात. उदाहरणार्थ, धर्माबादजवळ गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याची दारं कधी बंद होतात? स्पर्धा परीक्षेची ठोकळेबाज पुस्तकं तोंडपाठ असलेला मुलगा इथं गडबडेल. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र ते ठाऊक असतं, कारण त्याचं रब्बीचं पाणी त्यावर अवलंबून. 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे ऐन पावसाळ्यात, पाणी असतं तेव्हा, अडवायचं नाही. या एका प्रश्नात नदी, दोन राज्यं, न्यायालय आणि हरभऱ्याचं शेत एकत्र येतं. असा प्रश्न विकत मिळत नाही.

बाभळीच्याच निमित्तानं दुसरा प्रश्न. जुलै 2010 मध्ये बंधाऱ्याकडे निघालेल्या कोणत्या नेत्याला अटक करून धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं? उत्तर चंद्राबाबू नायडू. लिहिताना मात्र सांभाळावं लागतं. ते तेव्हा अविभक्त आंध्र प्रदेशात विरोधी पक्षनेते होते, त्याआधी मुख्यमंत्री होते, पुढे पुन्हा झाले. ‘आंध्रचे मुख्यमंत्री’ एवढंच लिहिलं तर हरकत घेणारा पहिल्याच रांगेत बसलेला असतो.

पण सर्वांत गोड प्रश्न तो, ज्याचं उत्तर पाठ नसतानाही विचार करून काढता येतं. धर्माबाद लाल मिरचीची पेठ. हंगामात बाजाराच्या बाजूनं गेलं तरी ठसका लागतो. तेव्हा विचारावं, चक्रधरस्वामींच्या पानात मिरचीचा ठेचा असेल का? संघ आधी हसतो, मग कुजबुजू लागतो. चक्रधर तेराव्या शतकातले. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. म्हणजे नाही. मग तिखटाला काय? मिरी, सुंठ, पिंपळी. चौथीचं पोरसुद्धा बोटं मोजत इथवर पोचू शकतं आणि पोचल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाठांतरानं आलेल्या उत्तरावर कधी दिसत नाही. 17 सप्टेंबरचा प्रश्नही असाच. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 1994 मध्ये नेमकी त्या तारखेला का झाली असेल? हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते कोण होते आणि 1948 चा तो दिवस कोणता, हे माहीत असलं की धागा आपोआप सापडतो.

उसने प्रश्न घेण्यातला धोका अमेरिकेतल्या फ्रेड वर्थ यानं दाखवून दिला. आपल्या किरकोळ माहितीच्या कोशात त्यानं मुद्दाम एक थाप पेरली, की टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या गाजलेल्या खेळाच्या पत्त्यांत तीच थाप उतरली. 1984 मध्ये त्यानं तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि तो हरला. माहिती कोणाच्या मालकीची नसते, असं ठरलं. दावा हरला खरा, पण थाप पत्त्यांत छापली गेलीच होती.

गणपतीच्या मांडवात किंवा मुक्तिसंग्राम दिनाला शाळेत प्रश्नमंजुषा ठेवणार असाल, तर यंदा पुस्तक बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला घरून एक प्रश्न आणायला सांगा, आजीला विचारून, तलाठ्याला विचारून, अडत्याला विचारून. अट एकच, की उत्तराबरोबर त्याचा पुरावाही वहीत लिहिलेला असावा, आणि जिथं लागेल तिथं साल.